निळ्या रुमालाची गाठ

आमच्या पासो ग्वासू गावात पूर्वी मूल जन्मलं की आधी त्याचा रंग ठरायचा, मग नाव. लाल घरात जन्मलं तर लाल, निळ्या घरात जन्मलं तर निळं. पाद्री बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन यायचा तेव्हा पाळण्याला पक्षाचा रुमाल आधीच बांधलेला असायचा. सोयरीक रंग बघून जुळायची, किराणा रंग बघून भरला जायचा, आणि माणूस मेला की त्याच्या शवपेटीवर त्याच्याच रंगाचा रुमाल टाकून त्याला मातीत घालायचे. राजधानीहून बदलून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी एकदा भर बाजारात विचारलं होतं, "पण या दोन पक्षांत फरक काय हो?" सगळा बाजार खो खो हसला होता. फरक काय म्हणजे? ते लाल आणि आम्ही निळे, आणखी काय फरक हवा!

थोरामोठ्या माणसाला आमच्यात मानाने काराई म्हणतात. काराई एलिहिओ निळा. बाप निळा, आजा निळा, घराचं दार निळं, अंगणातल्या विहिरीचा कठडासुद्धा निळा. धंदा खोगिरं शिवण्याचा. पुढे घोडे गेले आणि मोटारसायकली आल्या, तेव्हापासून तो थर्मासना चामड्याची वेष्टणं शिवतो. थंड पाण्याचा थर्मास काखोटीला मारल्याशिवाय आमच्यात कुणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचं पोट चालतं. कुणी आपल्या फुटबॉल क्लबच्या रंगात मागतं, कुणी बायकोचं नाव कोरून मागतं. लाल चामडं मात्र त्याने दुकानात कधी येऊ दिलं नाही. गिऱ्हाईक फारच हट्टाला पेटलं तर म्हणायचा, "तपकिरी ने. आपल्या मातीत आठवड्याभरात आपोआप तांबडं होईल."

बापाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक चामडं कापणं, दुसरी रुमालाची गाठ. ती गाठ त्यांच्या घराची होती. पुढून ओढा, तसूभर हलणार नाही. घोडा भरधाव गेला तरी जागची ढळणार नाही. पण मागून कुणी रुमालाला हात घातला, तर एका हिसक्यात सुटायची आणि ओढणाऱ्याच्या हातात नुसतं फडकं राहायचं. कारण त्या काळी मारामारीत पहिला हात गळ्यातल्या रुमालालाच पडायचा. एलिहिओचा एक चुलता तसाच गुदमरून गेला होता. त्यानंतर आज्याने ही गाठ बसवली, असं घरात सांगत.

तरुणपणी एलिहिओ गावच्या शाळेत मास्तर होता. एक वर्षही पुरं झालं नव्हतं. जनरलचं राज्य होतं आणि पाराग्वायमध्ये लाल पक्षाचा सभासद झाल्याशिवाय मास्तरकी टिकत नसे. सहीसाठी माणूस आला तेव्हा एलिहिओने खडू टेबलावर ठेवला आणि टोपी घालून घरी आला. पुढच्याच उन्हाळ्यात तो आंब्याखाली बसून निळ्यांच्या धुनेची शीळ घालत होता, म्हणून शिपाई प्रिमितिवो त्याच्या मुसक्या बांधून त्याला घेऊन गेला. सुटून आला तेव्हा समोरचे दोन दात नव्हते आणि शीळ वाजेनाशी झाली होती. त्याबद्दल तो कधी रडगाणं गायला नाही. उलट ते दात म्हणजे आपली पदकं असल्यासारखा तो तोंड उघडून हसायचा.

जनरल गेला, मतपेट्या आल्या, तरी सरकार लालच राहिलं. मधे एकदाच काही वर्षं निळ्यांच्या मदतीने भलतंच सरकार आलं आणि गडगडलं, तेवढंच. पण एलिहिओने धीर सोडला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. म्हातारे लाल एकेक करून मरतील, पोरं शिकतील, शिकलेली पोरं डोळे उघडून बघतील, आणि मग देश कुणी न ढकलता आपोआप निळा होईल. गावातली एकही लाल अंत्ययात्रा त्याने चुकवली नाही. धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून तो शेवटपर्यंत उभा राहायचा, आणि लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! तो मनात म्हणत असायचा, चला, आणखी एक मत कमी झालं.

आता या हिशेबात त्याच्या हाती उरली होती एकच व्यक्ती, त्याची नात नोएलिया. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी ग्रासिएला माद्रिदला, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला गेलेली. नोएलियाला त्यानेच वाढवलं, त्यानेच शिक्षिकांच्या कॉलेजात घातलं. तिच्या पहिल्या मतदानाला तो तिच्या गळ्यात निळा रुमाल आपल्या हाताने बांधणार होता. पण त्या दिवशी ती कॉलेजच्या गावी अडकली, आणि रुमाल घडीतच राहिला. यंदा एप्रिलमध्ये पुन्हा निवडणूक होती. यंदा चुकायचं नाही, असं त्याने पक्कं केलं होतं.

जानेवारीत नोएलिया शिक्षण पुरं करून घरी आली, आणि त्याच आठवड्यात देर्लिस दारात उभा राहिला. देर्लिस म्हणजे लाल पक्षाच्या गावातल्या कचेरीचा प्रमुख, आणि त्याच शिपाई प्रिमितिवोचा नातू. तिशीतला, गोरागोमटा, सदा हसरा. कुणाला औषध हवं, कुणाला रुग्णवाहिका हवी, कुणाला शवपेटी हवी, की देर्लिस हजर. दारात आलेल्या माणसाला थंड तेरेरे न देणं आमच्यात पाप, म्हणून एलिहिओने शिंगाच्या पेल्यात येर्बाच्या पाल्यावर पाणी ओतलं आणि पेला पुढे केला.

"पाणी मस्त गार आहे, काराई," देर्लिस म्हणाला.

"लालांनासुद्धा गारच लागतं."

देर्लिस मनापासून हसला. राग यावा असं काही बोललं की तो हसायचा, हीच तर पंचाईत होती. मग नोएलियाकडे वळून म्हणाला, "फिलोमेनाबाई निवृत्त होतायत, कळलं ना तुला? तिसरीचा वर्ग रिकामा होतोय. शिफारस माझी जाते. तू इथलीच, शिकलेली, पोरं तुला ओळखतात. फक्त कचेरीत येऊन सभासद होऊन जा. पाच मिनिटांचं काम."

"आणि नाही झाले तर?" नोएलियाने विचारलं.

"तर नाही झालीस! जबरदस्ती थोडीच आहे? मग बाहेरून कुणीतरी येईल, तिच्या राहण्याची सोय बघावी लागेल, एवढंच."

"म्हणजे तू धमकी देतोयस," एलिहिओ म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशाच होती.

"धमकी कसली, काराई! ते आजोबांच्या काळात. आता कुणाला एवढा वेळ आहे?" त्याने पेला परत केला, धन्यवाद म्हणाला, म्हणजे आता पुरे, आणि मोटारसायकलला किक मारून गेला. जाताना विहिरीचा रंग छान दिसतो, असंही म्हणाला.

तो गेल्यावर एलिहिओने स्वतःसाठी पेला भरला.

"तू सही करणार नाहीस," एलिहिओ म्हणाला.

"आबा, मी अजून काही ठरवलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? मी नाही केली."

"माहितीये मला. लहानपणापासून ऐकतेय. तुम्ही केली नाहीत म्हणून आईची शाळा सहावीत सुटली. तुम्ही केली नाहीत म्हणून ती तिकडे परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतेय, आणि तुमच्या पाठीला तेल मी चोळतेय."

एलिहिओच्या हातातला पेला तसाच राहिला. हे त्याला कुणी कधी म्हणालं नव्हतं. ग्रासिएलाही नाही. विमानात बसतानाही ती एवढंच म्हणाली होती, की बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

"मी नावं ठेवत नाही तुम्हाला," नोएलिया जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही केलंत ते मोठंच होतं. पण ते आईने भोगलं. आता मी नाही म्हटलं तर कुणी भोगायचं? मलाही माद्रिदला जावं लागेल. मग तुमच्याजवळ कोण?"

"मला कुणी नको."

"बरं, नको. सान ब्लासची जत्रा होऊ दे, मग बघू."

त्या रात्री एलिहिओला झोप आली नाही, पण त्याने हारही मानली नाही. त्याला वाटलं, चूक पोरीची नाही. तिने पाहिलंय काय? तिच्या डोळ्यांसमोर कुणी रुमालावरून सुरी उपसली नाही, तिने निळ्यांची धून चारचौघांत वाजताना ऐकली नाही. त्याच्या तरुणपणी ती जत्रेत एकदा वाजली होती तेव्हा पहिल्या चार सुरांतच टेबलं उलटली होती, कुणाचा तरी कान तुटला होता, आणि पाद्रीबाबांनी दिवे घालवून मारामारी थांबवली होती. तेव्हापासून जत्रेत दोन्ही पक्षांच्या धुना वाजवायच्या नाहीत असा गावचा अलिखित नियमच झाला. एलिहिओने ठरवलं, धून वाजवायची. लाल अंगावर येतील. देर्लिसचं ते लोण्यासारखं हसू उतरेल आणि आतला शिपाई बाहेर येईल. नोएलियाला दिसेल की ती कुणाच्या पंगतीला बसायला निघाली आहे, आणि तिच्या अंगातलं निळं रक्त जागं होईल. या वयात मार खायला लागला तरी चालेल. दात तसेही फार उरले नव्हते.

बँडचा म्होरक्या लुसिओ थर्मास दुरुस्तीला आला तेव्हा एलिहिओने दार लोटून घेतलं आणि हळूच विषय काढला. लुसिओने कपाळाला आठ्या घातल्या. एलिहिओला वाटलं, घाबरला.

"कुठली धून म्हणालात?"

"निळ्यांची."

"ती कशी असते? जरा गुणगुणा बघू."

एलिहिओने दातांच्या फटीतून कशीबशी गुणगुणली. लुसिओने मोबाईलवर शोधलं, कानाला लावलं, पाय हलवला. "ही होय? सोपी आहे की! ट्रम्पेटला छान बसेल. संध्याकाळी दुसऱ्या फेरीत घेतो." पैसेही नको म्हणाला, थर्मासचा पट्टा फुकट शिवून द्या म्हणाला.

सान ब्लासच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सकाळी गावच्या या संताची मिरवणूक निघाली, दुपारी बैलांच्या रिंगणात पोरांनी धडपडून घेतलं, आणि ऊन कलल्यावर चर्चमागच्या मैदानावर नाचाची जागा पाणी मारून तयार झाली. निखाऱ्यांवर मांस चरचरत होतं, बायका चिपाच्या खमंग पावांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन फिरत होत्या. एलिहिओने पांढरा सदरा घातला होता आणि त्याच्या आत, कुणाला दिसणार नाही असा, बापाचा रुमाल बांधला होता. नोएलियाला त्याने फाटकाजवळच्या संत्र्याच्या झाडाखाली उभं केलं. "इथून हलू नकोस. काही झालं तर सरळ फाटकाबाहेर पळ."

"काय होणार आहे, आबा?"

"बघशील."

समोर, मांडवाच्या पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत म्हातारा प्रिमितिवो बसला होता. अंगाने पार वाळलेला, पण गळ्यात लाल रुमाल इस्त्रीचा. एलिहिओला बरं वाटलं. प्रेक्षक जागेवर होता.

आणि धून वाजली. ट्रम्पेटने पहिला सूर लावला तेव्हा एलिहिओच्या पाठीतून अशी वीज गेली की तो काठी विसरून ताठ उभा राहिला. सदऱ्याची वरची बटणं काढून त्याने रुमाल बाहेर घेतला. एवढ्या वर्षांनी, भर मैदानात, लालांच्या नाकावर टिच्चून! त्याने मुठी आवळल्या आणि खुर्च्या सरकण्याचा आवाज ऐकायला कान टवकारले.

खुर्च्या सरकल्या. पोरापोरींनी एकमेकांचे हात धरले आणि सगळी नाचायला धावली. लाल टोप्या घातलेल्या पोरी, लाल सदऱ्यातले कचेरीचे कार्यकर्ते, सगळी. चाल उडती होती, पायांना आवडणारी. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "अरे, हे नवीन काय काढलंय? झकास!" देर्लिस मांस खाता खाता बोटं पुसत आला, संत्र्याच्या झाडाकडे गेला, नोएलियापुढे वाकला. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं, आणि ती गेली. त्याच्या हातात हात देऊन, आपल्या आज्याचे दात ज्या धुनेपायी गेले त्या धुनेवर ती गिरक्या घेऊ लागली. ती सुंदर नाचत होती. हे एलिहिओला नको असताना दिसलं.

अख्ख्या मैदानात एकच माणूस भडकला. प्रिमितिवो खुर्चीचे हात धरून अर्धा उठला होता. "बंद करा! बंद करा ही शिवी! कुणाची हिंमत झाली?"

एलिहिओचा जीव भांड्यात पडला. तो काठी उगारत गर्दीतून वाट काढत निघाला. "माझी झाली! ऊठ, बघतोस काय! ये, बांध मुसक्या!"

"तुझ्या आयला, एलिहिओ! तेव्हाच दोनच्या जागी सगळे पाडायला हवे होते!"

"मग आता पाड! माझे तीन उरलेत, तुझा एकही नाही!"

प्रिमितिवोनेही खुर्चीला टेकवलेली काठी उचलली आणि दोघांच्या काठ्या एकमेकींवर आपटल्या. सभोवती हशा पिकला. पोरं टाळ्या वाजवू लागली, मोबाईल वर झाले. "म्हातारे काठ्यांचा नाच करतायत! बघा, बघा!" एका पोरीने दोघांच्या मधे तोंड घालून फोटो काढला. देर्लिस धावत आला, आजोबांना खांद्याला धरून खाली बसवत म्हणाला, "आबा, बीपी वाढेल," आणि मग त्याने बँडवाल्याकडून माइक घेतला. "मंडळी, हे आहे आपलं पासो ग्वासू! इथे आता लाल नाही, निळं नाही, आपण सगळे एक! काराई एलिहिओ आणि माझे आजोबा यांच्यासाठी जोरदार टाळ्या!" लोकांनी अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या. कुणीतरी दोघांचे हात एकमेकांत दिले. मग बँडने लालांची धून धरली, आणि सगळी पुन्हा नाचू लागली. नोएलियाही. तीच पावलं, तेच हसू.

एलिहिओला तेव्हा रडू आलं असतं, पण टाळ्या वाजत असताना रडायचं कसं, ते त्याला कळेना. मार पडला असता तर त्याला सुख झालं असतं.

गर्दी नाचाच्या जागेकडे सरकली आणि मांडवात दोघंच राहिले. एलिहिओ बाकावर बसला. प्रिमितिवोच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि काठी उगारून दमलेला त्याचा हात ते पुसायला वर येत नव्हता.

"तुला मी बांधून नेलं," प्रिमितिवो म्हणाला. "कशासाठी नेलं होतं?"

"शीळ घातली म्हणून."

"आता सगळा गाव नाचला त्याच्यावर. मग मी काय वेडा होतो?"

"तू हरामखोर होतास. वेडा नव्हतास."

प्रिमितिवोला ते ऐकून जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "नातवाला मी विचारलं परवा. म्हटलं, बाबा, तू लाल का आहेस, सांग मला. मला वाटलं बापजाद्यांचं नाव घेईल, लाल-निळ्यांच्या युद्धात मेलेल्यांचं नाव घेईल. तर म्हणतो, आबा, निळे जिंकत असते तर आपण निळे असतो की! वर हसतो. माझा नातू! तिथेच मेलो मी."

"पण जिंकताय तर तुम्हीच. पुढेही तुम्हीच जिंकणार."

"हे आम्ही नाही रे. हे कोण आहेत मला माहीत नाही." त्याने नाचणाऱ्यांकडे हनुवटी केली. "मी तुमच्या निळ्यांच्या प्रत्येक मयतीला यायचो, ठाऊक आहे? मोजायला. एक कमी, दोन कमी."

"मीसुद्धा."

दोघंही हसले नाहीत. एलिहिओने आयुष्यभर जो हिशेब सांभाळला होता तो त्याच्यासमोर पडला होता, आणि त्यात कुठेच चूक नव्हती. म्हातारे मरत होते, पोरं शिकत होती. फक्त नव्या पोरांना रंगच नव्हता. आणि ज्याला रंग नाही तो ज्याची सत्ता आहे त्याच्या दारात उभा राहतो, काही मनात न ठेवता, काही न दुखता. अशी माणसं कशी हरवायची? प्रिमितिवोला एक दिवस हरवता आलं असतं. देर्लिसला हरवायचं म्हणजे कुणाला हरवायचं?

"तू आधी गेलास तर तुझा निळा रुमाल मी टाकेन पेटीवर," प्रिमितिवो म्हणाला. "पोरांच्या ध्यानातही येणार नाही."

"आणि तू आधी गेलास तर? तुझा नातू टाकेलच की लाल."

"तो निवडणुकीचा छापील टाकेल, उमेदवाराच्या फोटोचा. माझा हा जुना आहे. हा तू टाक."

"टाकीन," एलिहिओ म्हणाला. एवढं एकच वचन त्या दिवशी कुणी कुणाला दिलं.

दुसऱ्या दिवशी नोएलियाने सही केली. लपवलं नाही. जेवताना मानिओकचे उकडलेले कंद त्याच्या ताटात वाढत म्हणाली, "आबा, मी जाऊन आले."

"मतपेटीशी गेल्यावर कुणी बघत नाही," एलिहिओ म्हणाला. "सही काय, कागदावरची. आतून निळीच राहिलीस तर..."

तिला खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि म्हातारा त्यावर उरलेले दिवस सुखाने काढू शकला असता. पण त्याने तिला खोटं बोलायला शिकवलंच नव्हतं.

"आबा, मला आतून काहीच वाटत नाही हो. ना त्यांच्याबद्दल, ना तुमच्या लोकांबद्दल. वर्गाचं छप्पर गळतंय, ते जो नीट करेल त्याला देईन मत. आणि ते देर्लिसच करेल, दुसरं कोण?"

एलिहिओ ताटाकडे बघत जेवला. जेवण चांगलं झालं होतं.

शाळा सुरू झाली. नोएलिया रोज सकाळी तिसरीच्या पोरांना शिकवायला जाऊ लागली, त्याच शाळेत, जिथे त्याने खडू ठेवला होता. पोरं तिच्यावर लट्टू झाली. संध्याकाळी ती त्यांच्या गमती सांगायची आणि तो हसायचाही. मार्चमधल्या एका रविवारी जिल्ह्याच्या गावी लालांची सभा होती आणि सगळ्या मास्तरमंडळींनी यावं असा निरोप होता. गावाच्या कोपऱ्यावर बस येऊन उभी राहिली होती. झेंडे लावलेले, हॉर्न वाजत होता.

नोएलिया ओसरीवरच्या आरशासमोर उभी होती. गळ्यात कोरा लाल रुमाल. तिने साधी गाठ मारली, रुमाल एका बाजूला लोंबला. सोडून पुन्हा मारली, पुन्हा तेच.

"आबा, हे काही बसत नाहीये..." ती सवयीने म्हणाली, आणि मग ती कुणाला काय म्हणतेय ते तिच्या ध्यानात आलं. तिचे कान लाल झाले. "राहू दे. पिन लावते मी."

एलिहिओ चामडं कापत होता. त्याने कात्री खाली ठेवली. रुमाल असा गबाळा लोंबताना त्याला बघवेना, रंग कुठलाही असो.

"इकडे ये."

ती आली आणि त्याच्यासमोर वाकून उभी राहिली. त्याने रुमाल सोडला, मांडीवर झटकला, तिरका घातला. स्वस्त, पातळ कापड होतं. बोटांना वाट ठाऊक होती. लांब टोक वरून, आखूड टोक आतून, मग एक वेढा, मग खाली दाबायचं. याच जागी बापाने त्याच्या गळ्यात बांधली होती.

"पुढून ओढून बघ."

तिने ओढलं. तसूभर हललं नाही. "वा, आबा!"

तो उठला, तिच्या मागे गेला आणि रुमालात बोट घालून हिसका दिला. गाठ सुटली आणि लाल फडकं त्याच्या हातात आलं.

"अहो, सुटली की!"

"सुटायलाच पाहिजे. मागून कुणी धरलं तर सुटायला पाहिजे."

"मला कोण धरणार आहे, आबा?" ती हसली, आणि तिच्या हसण्यात जराही कुचेष्टा नव्हती.

बसचा हॉर्न पुन्हा वाजला. खरंच तिला कुणी धरणार नव्हतं. या गावात आता कुणी कुणाच्या रुमालाला हात घालणार नव्हतं, तो लाल असो नाहीतर निळा. तरी त्याने तिला पुन्हा समोर उभं केलं आणि दुसऱ्यांदा तीच गाठ बांधली, तशीच, पुढून घट्ट आणि मागून मोकळी. तिने त्याच्या गालाचा मुका घेतला आणि ती बसकडे धावत गेली. धावताना गाठ जराही हलली नाही.